पहिलं अक्षर पत्रिकेचं, शेवटचं अक्षर कुणाचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, सगळे नाही.

आजचा विषय एकदम घरगुती. मुलाचं नाव कोणत्या अक्षरावर संपावं? हो, संपावं. सुरू कुठल्या अक्षरावर व्हावं हे आपल्याकडे सगळेच विचारतात. शेवटच्या अक्षराबद्दल कुणी विचारत नाही, आणि भांडणं मात्र बहुतेक वेळा त्यावरूनच होतात. म्हणजे आपण भांडतो तेव्हा आपल्याला कळतही नाही की आपण शेवटच्या अक्षरावरून भांडतोय.

आता हे मी का सांगतेय? तर पाच महिन्यांपूर्वी मी आत्या झाले. माझ्या दादाला मुलगा झाला. आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा. त्यामुळे घरातली प्रत्येक यादी, प्रत्येक हट्ट आणि प्रत्येक रुसवा माझ्या फोनवर येऊन पडला. मी पडले सॉफ्टवेअरवाली. मी काय केलं असेल? बरोबर. स्प्रेडशीट.

आधी पहिल्या अक्षराचं उरकून घेऊ. पत्रिकेच्या पद्धतीत २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणजे एकूण १०८ खाने. प्रत्येक खान्याला एक अक्षर. अश्विनीला चू, चे, चो, ला. मघाला मा, मी, मू, मे. आर्द्रा नक्षत्राच्या चार अक्षरांत ‘ङ’ आहे आणि हस्ताच्या चारांत ‘ण’ आहे. आता ‘ङ’ वरून कुणाचं नाव ठेवणार? मग गुरुजी काहीतरी तोड काढून देतात. आमच्या बाळाचं रोहिणी नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर ‘वी’. ह्रस्व की दीर्घ याचा हट्ट कुणी धरत नाही. म्हणजे वि पासून सुरू होणारं नाव, विषय संपला. तुमचा पत्रिकेवर विश्वास असो वा नसो, घरात एकदा ते अक्षर जाहीर झालं की अर्धं मैदान बंद होतं. उरतं ते नावाचं दुसरं टोक.

आमच्या घरात तीन पक्ष होते. वहिनीला न वर संपणारं नाव हवं होतं: विहान, विवान. तिची बहीण न्यू जर्सीला असते, तिचं म्हणणं, न वर संपलं की तिकडे कुणाचीही जीभ अडखळत नाही. बाबांना भारदस्त काहीतरी हवं होतं: विश्वनाथ, विश्वेश्वर. आणि आजी. आजीने एकच अट घातली. म्हणाली, “पोरी, कुठलंही ठेव. पण शेवट असा ठेव, की कुणाला त्याला ‘या’ लावता येऊ नये.”

आम्ही सगळे हसलो. या अटीमागे काय होतं ते पुढे सांगते. आधी शेवटचं अक्षर नेमकं करतं काय, ते बघू.

पहिलं काम: मुलगा की मुलगी ते सांगणं. हे वाटतं तितकं साधं नाही. संस्कृतात आकारान्त शब्द बहुतेक स्त्रीलिंगी. माला, लता, शाला. मराठीचं स्वतःचं वळण उलटं आहे. मुलगा, घोडा, आंबा, वाडा, सगळे आकारान्त, सगळे पुल्लिंगी. म्हणून आपली जुनी गावाकडची पुरुषांची नावं बघा. तुका, नामा, चोखा, ज्ञानबा, विठोबा. ‘आ’ वर संपतात आणि कुणालाही ती बाईची वाटत नाहीत. नंतर शिकलेल्या घरांनी संस्कृत वळणाची नावं घेतली, श्रीधर, वसंत, प्रभाकर, आणि मुलाच्या नावाशेवटी व्यंजन ऐकू यायला लागलं. आज आपल्या कानाला मुलगा म्हटलं की बंद शेवट लागतो. रोहित, अमोल, निखिल. म्हणजे आपला कान दोन शाळांत शिकलाय, आणि दुसऱ्या शाळेला फी जास्त होती.

जुन्या ग्रंथकारांनीही शेवटाचा विचार केलाय बरं का. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाच्या नावाचे नियम आहेत. दोन किंवा चार अक्षरं असावीत, सुरुवात घोष वर्णाने व्हावी, मध्ये य र ल व पैकी एखादा अंतस्थ असावा, आणि शेवट दीर्घ स्वराने किंवा विसर्गाने व्हावा. मुलीच्या नावाची अक्षरं विषम आणि शेवट ‘आ’. पतंजलीच्या महाभाष्यातही, व्याकरण का शिकायचं याची कारणं देताना, मुलाचं नाव नीट ठेवता यावं हे एक कारण दिलंय. माझ्यासारख्या माणसाला यात काय दिसतं? फॉर्म भरताना लाल अक्षरांत चुका दाखवणारा व्हॅलिडेशनचा नियम दिसतो. लांबी तपासा, पहिलं अक्षर तपासा, शेवट तपासा. गंमत अशी की विसर्गाची अट संस्कृतात आपोआप पूर्ण होते, कारण राम हा प्रथमेत रामः होतो. मराठीत आपण विसर्गही सोडला आणि शेवटचा ‘अ’ सुद्धा उच्चारत नाही. लिहितो राम, म्हणतो राम्.

दुसरं काम: पिढी सांगणं. नुसता शेवट ऐका आणि वय ओळखा. कर आणि धर: दिनकर, सुधाकर, श्रीधर, मुरलीधर. हे आजोबा. ईश: सुरेश, रमेश, दिनेश, महेश. हे काका, आणि एका वर्गात तीन-तीन. त: अमित, सुमित, रोहित, अजित. हे दादा लोक. आता बालवाडीच्या गेटवर उभे राहा: आरव, अर्णव, विहान, रेयांश, शिवांश. व, न आणि अंश. प्रत्येक आईबापाला वाटतं, आपण वेगळं नाव शोधलं. सुरुवात वेगळी असतेही. शेवट मात्र सगळ्यांनी एकाच दुकानातून घेतलेला असतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. मी पायथन शिकत होते तेव्हा वेस मॅकिनी यांचं पुस्तक वापरलं. पांडास ही लायब्ररी त्यांनीच सुरू केली, आणि या पुस्तकाची पहिली आवृत्ती २०१२ ची. त्यात सरावासाठी अमेरिकेतल्या बाळांच्या नावांचा डेटा आहे. तिथलं सोशल सिक्युरिटीचं खातं १८८० पासूनची नावं सगळ्यांसाठी खुली ठेवतं. त्या डेटावर पुस्तकात एक उदाहरण आहे, नावाच्या शेवटच्या अक्षराचं. लॉरा वॉटनबर्ग या नावांच्या अभ्यासक बाईंनी आधीच दाखवलेली गोष्ट तिथे कोडमधून दिसते. १८८० मध्ये तिथल्या मुलग्यांपैकी सुमारे १५ टक्के मुलांची नावं एन या अक्षरावर संपायची. २०१० पर्यंत हे प्रमाण तीनांत एकाच्याही वर गेलं. आधी डेव्हिड, रिचर्ड, जेम्स, हेन्री असे नाना तऱ्हेचे शेवट होते. मग एथन, एडन, जेडन, मेसन, लोगन. सुरुवातीची अक्षरं बदलत राहिली, शेवट एकच होत गेला.

तेव्हा मी ते उदाहरण फक्त ग्राफ नीट यावा म्हणून सोडवलं होतं. वहिनीची यादी आली, विहान, विवान, आणि तिच्या मैत्रिणींच्या घरचे रेयान, कियान, अयान, तेव्हा तोच ग्राफ डोळ्यांसमोर आला. न मध्ये वाईट काही नाही. मोहन, अर्जुन, नितीन आपल्याकडे केव्हापासून आहेत. सचिन तेंडुलकरचं नाव संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलेलं, तेही न वरच संपतं. मुद्दा एवढाच, की वेगळेपणासाठी नाव शोधत असाल तर सुरुवातीपेक्षा शेवट वेगळा शोधा. बालवाडीत बाई हाक मारतील तेव्हा पोरांच्या कानात शेवटच घुमत राहतो.

तिसरं काम: कागदावर टिकणं. आमच्या टीममध्ये एक अथर्व आहे. परदेशी क्लायंट त्याला ‘अथर्वा’ म्हणतो. तो बिचारा पहिल्या मीटिंगपासून ‘अथर्वा’ झालाय. दोष क्लायंटचा नाही, रोमन लिपीतल्या शेवटच्या ए चा आहे. आणि यात एक नियम दिसतो. ज्या नावाच्या शेवटी जोडाक्षर आहे, त्यातला शेवटचा ‘अ’ आपण मराठीतही थोडा उच्चारतो: अथर्व, आदित्य, शौर्य, अजिंक्य, कृष्ण. म्हणून इंग्रजीत लिहिताना ए लावावा लागतो, आणि वाचणारा त्याचा ‘आ’ करतो. अजिंक्य रहाणेचं नाव इंग्रजी कॉमेंट्रीत ऐका, कळेल. शौर्यची तर ‘शौर्या’ होते, म्हणजे न बघता माणूस मुलगी समजतो. काही आईबाप ए काढून टाकतात. मग जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, आणि पासपोर्टच्या वेळी तिसराच गोंधळ. साध्या एका व्यंजनावर संपणारी नावं, रोहित, अमेय, निखिल, या सगळ्यातून सुटतात.

जोडाक्षराची नावं ठेवूच नका असं मी म्हणत नाहीये. आदित्य किती सुंदर नाव आहे. फक्त ठेवायच्या आधी स्पेलिंग एकदा ठरवा, आणि मग जन्मदाखल्यापासून शेवटपर्यंत तेच ठेवा.

चौथं काम विभक्तीचं. मराठीत ला, चा, ने, शी सगळं नावाच्या शेवटालाच येऊन चिकटतं. आणि इथे आपण एक गंमत करतो, जी मला या निमित्तानेच लक्षात आली. गणेशाची आरती, पण गणेशची गाडी. देव असला की शेवट वाकतो: गणेशाला, विठ्ठलाला, रामाला. शेजारचा असला की शेवट सरळ राहतो: गणेशला, विठ्ठलला. तेच नाव, तीच अक्षरं, आणि आपण शेवटावरून देव आणि माणूस वेगळे करतो. कुणी शिकवलं आपल्याला? कुणीच नाही.

आता पाचवं काम, आणि आजीची अट.

मराठीत नाव आईबाप ठेवतात, पण त्याचा शेवट गाव ठरवतं. बघा ना. एकच ज्ञानेश्वर. ज्ञाना, ज्ञानू, ज्ञान्या, ज्ञानबा, ज्ञानोबा, ज्ञानेश्वरराव. नाव तेच. शेवट सांगतो की बोलणारा स्वतःला कुठे समजतो आणि समोरच्याला कुठे. तुकाराम महाराज अभंगात स्वतःला तुका म्हणवतात, नामदेव स्वतःला नामा म्हणवतात. लोक मात्र तुकोबा म्हणतात. स्वतःचं नाव त्यांनी लहान केलं, लोकांनी त्याला ‘बा’ जोडला. राजकारणात बघा. यशवंतराव चव्हाण, वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, पुढे विलासराव देशमुख. ‘राव’ म्हणजे नुसतं नाव नव्हे, तो मान आहे.

आणि १९०० साली साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये एका मुलाचं नाव लिहिलं गेलं, भिवा रामजी आंबेडकर. ७ नोव्हेंबर हा त्यांचा शाळाप्रवेशाचा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. भिवा हे घरातलं, लाडाचं नाव. त्याचे भीमराव झाले, आणि मग लोकांनी बाबासाहेब केलं. नुसते शेवट वाचत गेलं तरी एवढा मोठा प्रवास दिसतो.

पण सगळ्यांच्या नावाचा प्रवास असा वरच्या दिशेने होत नाही. माझे आजोबा धोंडीराम. त्यांच्या आधीची दोन भावंडं दगावली होती, म्हणून हे मूल दगडासारखं टिकावं, नजर लागू नये, यासाठी ठेवलेलं नाव. धोंडू, दगडू, भिकू ही आपल्याकडची नावं अशीच आलेली असतात. आजोबा दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायचे. आणि गावात त्यांना कुणीही पूर्ण नावाने हाक मारत नसे. त्यांच्या निम्म्या वयाची, मोठ्या वाड्यातली पोरंसुद्धा ‘ए धोंड्या’ म्हणायची, आणि आजोबा ‘जी’ म्हणून उठायचे.

हा शब्द मला आजीने सांगितलेला नाही. आजी आजोबांचं नाव घेत नाही. त्यांना जाऊन आता बारा वर्षं झाली, तरी अजून ‘हे’च म्हणते. उखाण्यात तेवढं घेते, आणि तिथे पूर्ण घेते, धोंडीराम. ‘या’ लावलेला शब्द मला बाबांनी सांगितला, बारशाच्या आठ दिवस आधी, मी आजीच्या अटीवर हसत होते तेव्हा.

बाबांनी आणखी एक गोष्ट सांगितली. पुढे आजोबा एका साखर कारखान्यात लागले. पहिल्या दिवशी कारकुनाने मस्टर बघून आडनावासकट पूर्ण नाव पुकारलं. आजोबा समोरच उभे होते आणि ओ देईनात. दोनदा पुकारलं. कारण धोंडीराम अशी हाक त्यांना आयुष्यात कुणी मारलीच नव्हती. शेजारच्याने कोपराने ढोसलं, “तुलाच बोलावतायत.” ही गोष्ट आजोबा स्वतः हसत हसत सांगायचे म्हणे. आजी ती गोष्ट सुरू झाली की उठून आत जायची.

ही त्या अटीमागची गोष्ट. पणतवाचं नाव ठेवताना तिला अर्थ नको होता, देव नको होता. तिला फक्त शेवटाला कुलूप हवं होतं.

मी मग ते काम खरंच मनावर घेतलं. वि वरून सुरू होणारी चाळीसएक नावं घेतली आणि एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. मराठी पोरं नाव कसं तोडतात? पहिला तुकडा ठेवायचा, पुढचं व्यंजन पकडायचं आणि ‘या’ जोडायचा. प्रकाशचा पक्या, संतोषचा संत्या, गणेशचा गण्या. माझ्या यादीचं काय झालं ऐका. विनय, विनोद, विनीत, विनायक, चौघांचा विन्या. विशाल, विश्वास, विश्वनाथ, विश्वेश्वर, सगळे विश्या. विवान आणि विवेक, दोघे विव्या. विदितचं तर चक्क विद्या झालं. कॉलेजच्या ग्रुपमध्ये तुम्ही हे बघितलंच असेल. अमोल, अमित, अमेय, अमर, चार घरांनी चार वेगळे अर्थ शोधले, आणि कट्ट्यावर चार अम्या बसलेत. आमच्या भाषेत याला कोलिजन म्हणतात. चार वेगळ्या फाइल्स, एकच शॉर्टकट.

चाळीसपैकी एकही नाव सुटलं नाही. यश ठेवा, यश्या होतो. ओम ठेवा, ओम्या होतो. ‘या’ लागू शकत नाही असं नाव मला तरी मराठीत सापडलं नाही. मी आजीला जाऊन सांगितलं, “आजी, असं नावच नाहीये गं.” आजी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “मग लावणाऱ्यांना सांगून ठेव.”

आता मला एक सांगा, ‘या’ म्हणजे नेहमी अपमानच का? नाही ना. माझ्या मित्राला मी पक्या म्हणते, त्यात प्रेमाशिवाय काही नाही. मग फरक कुठे आहे? मी यावर बरेच दिवस विचार केला, आणि मला जे सापडलं ते इतकंच आहे. मी त्याला पक्या म्हणते आणि तोही मला तसंच काहीतरी तोडून-मोडून म्हणतो. दोन्हीकडून चालतं. वाड्यातलं पोरगं आजोबांना धोंड्या म्हणायचं, तेव्हा आजोबा त्याला उलट काय म्हणू शकत होते? ‘जी’. एवढंच. दोन्हीकडून ‘या’ असला तर ती दोस्ती. एकीकडून ‘या’ आणि दुसरीकडून ‘जी’ असला तर ती पायरी. अक्षर तेच आहे, रस्ता एकेरी आहे की दुहेरी ते बघायचं.

आणि हा एकेरी रस्ता काही गावातच राहिला नाहीये. आपल्या सोसायटीत बघा. वॉचमन साठीचा असला तरी आपण त्याला नुसत्या नावाने हाक मारतो, आणि तो आपल्या दहा वर्षांच्या पोराला ‘दादा’ म्हणतो. चहा आणून देणाऱ्या मुलाचं नाव आपण तोडतो, साहेबांचं तोडत नाही. त्या मुलाच्या घरीही कुणीतरी त्याच्या कानात पूर्ण नाव सांगितलेलं असतं.

तर आमच्याकडे काय ठरलं? विराज. वहिनीचा न गेला, पण तिची खरी गरज भागली. नाव छोटं आहे, शेवटी एकच व्यंजन आहे, स्पेलिंगमध्ये ए ची भानगड नाही. न्यू जर्सीहून व्हॉइस नोट आली, तिथल्या शेजाऱ्याने पहिल्या फटक्यात बरोबर म्हटलं. बाबांना अर्थ आवडला. संस्कृतात राज् म्हणजे शोभणं, तळपणं. विराजमान म्हणतो ना आपण, तोच शब्द. गृह्यसूत्राच्या नियमाला लावलं तर लिहिताना तीन अक्षरं भरतात, विषम, म्हणजे नापास. पण बोलताना वि आणि राज्, दोनच तुकडे पडतात, म्हणून मी त्याला पास करून टाकलं. मध्ये र आहे, अंतस्थाची अटही पूर्ण. आणि आजी? तिने दोन-तीन वेळा नाव स्वतःशीच म्हणून बघितलं. मग म्हणाली, “शेवटी राज आलंय. म्हणजे कुणी राव लावायची वाट बघायला नको.”

याचा विऱ्या होणार हे मला माहीत आहे. शाळेत होईल, क्रिकेटच्या मैदानावर होईल. व्हावाही. त्याचे मित्र त्याला विऱ्या म्हणतील आणि तो त्यांना अम्या, पक्या म्हणेल. घरात मात्र आम्ही एक नियम केलाय. बाळाला लाडाने काय वाटेल ते म्हणा, पण आपल्याकडे कामाला येणाऱ्या कुणाचंही नाव तोडायचं नाही, आणि वयाने मोठा माणूस असेल तर मावशी, काका, दादा काहीतरी लावायचं. विराज बोलायला लागेल तेव्हा तो आम्ही काय बोलतो तेच ऐकून शिकणार आहे. आजीच्या अटीला मी देऊ शकत होते ते उत्तर इतकंच.

आता जे लोक सध्या नाव शोधतायत त्यांच्यासाठी, जाता जाता, शेवटाच्या काही चाचण्या. लिहून घ्या.

एक, नाव मोठ्याने हाक मारून बघा. गॅलरीतून खाली खेळणाऱ्या पोराला मारतात तशी. ताणल्यावर शेवट ऐकू येतो की हवेत विरतो ते कळेल. यादी वाचून हे कळत नाही.

दोन, त्याला ला, चा, ने, शी लावून चार वाक्यं बोला. हे नाव तुम्ही वर्षानुवर्षं असंच वापरणार आहात, नुसतं नाही.

तीन, पूर्ण नाव आडनावासकट म्हणा. नावाचा शेवट आणि आडनावाची सुरुवात एकाच अक्षराची असली, समजा विवेकच्या पुढे कदम किंवा सुहासच्या पुढे सावंत, तर दोन्ही एकमेकांत घुसतात. चालतं, पण माहीत असलेलं बरं.

चार, इंग्रजीत लिहा आणि मराठी न येणाऱ्या माणसाला वाचायला द्या. तुम्ही काहीही सुचवू नका. तो जे म्हणेल ते तुमच्या मुलाला ऐकावं लागणार आहे.

पाच, ‘या’ लावून बघा. तो लागणारच. फक्त त्यातून काही भलतंच निघत नाही ना, एवढं तपासा. विदितच्या आईबाबांनो, तुम्हाला माझा नमस्कार.

आणि सहावी चाचणी नावाची नाही, घराची आहे. तुमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा, त्यांच्या वडिलांना, सासऱ्यांना गावात काय म्हणून हाक मारायचे. कागदावरचं नाव नाही, हाकेतलं. कुणी मारायचं, आणि ते उलट काय म्हणायचे. उत्तर सांगताना ती व्यक्ती हसते की उठून आत जाते, तेही बघा.

तुमच्याकडची हाक आणि तिच्या मागची गोष्ट आम्हाला नक्की पाठवा, लिहून किंवा व्हॉइस नोट करून. जमलं तर त्यातल्या काही पुढच्या एखाद्या भागात वाचू, अर्थात नाव सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. भेटूया पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि आज कुणाला तरी पूर्ण नावाने हाक मारून बघा.